डॉर्सेटचा बंगला

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंजिरीकडे नेहमीसारखीच गर्दी होती. बाहेर नॉटिंगहॅमचा ओला, करडा जानेवारी. आत हीटिंग फुल सोडलेलं आणि सगळ्यांच्या काळ्या साड्या. सुनीती वैशंपायन सोफ्याच्या हातावर टेकून तिळाची वडी मोडत होती. एवढ्यात मंजिरीने स्वयंपाकघराच्या दारातूनच विचारलं, "काय गं, तुमच्या घरासमोर 'सोल्ड'चा बोर्ड लागलाय म्हणे! आणि हे मला तिसऱ्याच माणसाकडून कळावं? कुठे निघालात?"

खोलीतल्या बायकांनी माना वळवल्या.

खरं उत्तर सरळ होतं. नॉटिंगहॅमला लागून असलेल्या बीस्टनमधलं मोठं घर विकून सुनीती आणि तिचा नवरा जयंत कॅरॅव्हॅनमध्ये राहायला जाणार होते. गाडीच्या मागे जोडून ओढायची, दोन माणसं झोपतील, रांधतील, अंघोळ करतील एवढी चाकांवरची खोली. सुट्टीपुरती नाही, कायमची. समुद्राकाठी, डोंगरात, जिथे कॅरॅव्हॅन उभी करायला साइट मिळेल तिथे काही आठवडे मुक्काम करायचा आणि पुढे निघायचं. पत्रव्यवहार, डॉक्टर वगैरेसाठी पत्ता लेकीचा, देवयानीचा, वॉटफर्डचा.

हे जयंतचं खूळ होतं असंही नाही. तो रिटायर झाल्यावर दोघांनी नॉर्दम्बरलंडला एक कॅरॅव्हॅन भाड्याने घेतली होती. पहिल्या सकाळी सुनीतीने दार उघडलं आणि पाय थेट गवतावर पडला. पुढे वाळू, त्यापुढे पाणी. तीस वर्षं तिने हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये, खिडकी नसलेल्या खोलीत काढली होती. खांद्यावर ब्लँकेट घेऊन ती बराच वेळ अनवाणी उभी राहिली आणि आत येऊन म्हणाली, "अहो, आपण असंच राहिलो तर?" जयंतने हातातला टोस्ट खाली ठेवला होता. बायको असं काही म्हणेल हे त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

म्हणजे आनंदाने, ठरवून केलेली गोष्ट होती. पण मंजिरीच्या त्या गरम खोलीत 'कॅरॅव्हॅन' हा शब्द सुनीतीच्या तोंडातून निघेना. कारण मागच्या उन्हाळ्यात ट्रॅमच्या शेवटच्या स्टॉपजवळच्या मैदानावर ट्रॅव्हलर, म्हणजे इथल्या भटक्या लोकांच्या कॅरॅव्हॅन येऊन उभ्या राहिल्या होत्या, तेव्हा याच सोफ्यावर बसून सगळ्यात मोठ्याने ती स्वतःच बोलली होती. "चाकांवर राहतात म्हणजे काय? घरदार नसलेली माणसं! कौन्सिल करतंय काय?" बायकांनी माना डोलावल्या होत्या. आज त्याच बायका तिच्याकडे बघत होत्या.

"डॉर्सेटला," सुनीती म्हणाली. "समुद्राजवळ एक छोटासा बंगला घेतलाय."

"अय्या, बंगला!" कुणीतरी म्हणालं. मंजिरीने येऊन तिला मिठीच मारली.

सुनीतीला खोटं बोलायची सवय होती असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण गोष्टींना जरा इस्त्री करून मांडायची सवय मात्र जुनी होती. लग्नानंतर नॉटिंगहॅमला आली तेव्हा दोघं एका चिप शॉपच्या वरच्या खोलीत राहत होते. अकोल्याला आईला कळवताना तिने 'मुख्य बाजारपेठेत घर मिळालंय' असं कळवलं. लॅबमध्ये नोकरी लागली तेव्हा 'डॉक्टरांबरोबर काम करते' असं सांगितलं. कुणाचं नुकसान होत नव्हतं. तिला स्वतःला मात्र तेवढ्याने ताठ बसता यायचं.

या वेळचा बंगला मात्र वाढतच गेला. आधी त्याला काचेच्या भिंतींची कन्झर्वेटरी आली. मग मागे नासपतीचं झाड आलं. गेस्टरूम तर यावीच लागली, कारण मंजिरीने परस्पर जाहीर करून टाकलं, "ऑगस्टमध्ये आम्ही सगळ्या येणार हं तुझ्याकडे." एकदा फोनवर मंजिरीने विचारलं, "बंगल्याचं नाव काय ठेवणार?" सुनीती तेव्हा कपाट आवरत होती. गुडघ्यांना रग लागलेली, डोकं भणभणलेलं. ती म्हणाली, "निवांत." फोन ठेवल्यावर मोकळ्या कपाटासमोर बसून तिला रडूच आलं.

इकडे खरी तयारी जोरात चालू होती. कॅरॅव्हॅनमध्ये किती वजन भरायचं याला मर्यादा असते, म्हणून जयंतने बाथरूममधला काटा हॉलमध्ये आणून ठेवला होता. प्रत्येक वस्तू आधी काट्यावर आणि मग वाद.

"हा खलबत्ता आला तर माझी टूलकिट राहील," तो म्हणायचा.

"मग राहू दे. स्क्रूड्रायव्हरने आलं ठेचून दाखवा मला."

खलबत्ता जिंकला. मोठा कुकर, पुरणयंत्र, देवयानीच्या शाळेतल्या ट्रॉफ्या, लोकरीचे कोट, पाहुण्यांसाठीच्या गाद्या यांतलं काही चॅरिटी शॉपला गेलं, काही टिपवर, कचरा डेपोत. देवघरातले देव सुनीतीने एका स्टीलच्या डब्यात मावतील एवढेच ठेवले. जयंत दिवसभर शीळ घालत फिरायचा. गेल्या कित्येक वर्षांत तिने त्याला इतकं खुशीत पाहिलं नव्हतं.

कॅरॅव्हॅन गावाबाहेर एका शेतकऱ्याच्या यार्डात ठेवली होती. जयंतला ती घरासमोर आणून निवांत भरायची होती, पण सुनीती म्हणाली की आपल्या वसाहतीत घरापुढच्या ड्राइव्हवर कॅरॅव्हॅन लावायला मनाई आहे. नियम खरोखरच होता, त्यामुळे त्याला पटलं. एका शनिवारी डीलरकडून सर्व्हिसिंग करून ती यार्डात नेताना त्यांना बीस्टनच्या हाय रोडवरून जावं लागलं. ट्रॅमच्या स्टॉपवर मराठी मंडळातली दोन जोडपी उभी होती. सुनीती झटकन सीटवर खाली घसरली, पार डॅशबोर्डखाली.

"काय झालं?" जयंतने विचारलं.

"काही नाही. चप्पल निसटली."

तो पुन्हा शीळ घालू लागला. खाली वाकलेली सुनीती मॅटवरचा चिखल बघत राहिली. बासष्टाव्या वर्षी आपण आपल्याच गाडीत लपतोय, हे तिचं तिला कळत होतं. तरी सिग्नल सुटेपर्यंत ती वर आली नाही.

पाडव्याचा कार्यक्रम मंडळाने नेहमीच्या कम्युनिटी हॉलमध्ये ठेवला होता. मुलांची नाटुकली झाली, श्रीखंड-पुरी झाली. मग अध्यक्ष श्रीकांत माइक घेऊन उभे राहिले. "आज आपल्याला एका लाडक्या जोडप्याला निरोप द्यायचाय. जयंतराव, सुनीतीताई, या बरं पुढे."

सुनीती पदर सावरत उठली. निरोपाचं तिला माहीत नव्हतं. मंजिरीने सरप्राइज ठेवलं होतं आणि आता ती पहिल्या रांगेत फोन उभारून व्हिडिओ घेत होती.

"आपण सगळे म्हातारपणी मुलांच्या जवळपास फ्लॅट बघतो," श्रीकांत म्हणाले, "आणि हे दोघं बघा! थेट डॉर्सेटला समुद्रकिनारी बंगला! कन्झर्वेटरी आहे, बाग आहे. जयंतराव, कुणाला बोलला नाहीत, पण आमच्यापर्यंत सगळं पोचतं बरं का." हॉल हसला. "तर मंडळातर्फे ही छोटीशी भेट."

ती नावाची पाटी होती. लेस्टरच्या एका सुतारकाम करणाऱ्या गृहस्थाकडून खास करून घेतलेली, शिसवी रंगाची, चांगली हातभर लांब. वर कोरलेलं 'निवांत' आणि खाली 'सुनीती – जयंत वैशंपायन'. अक्षरं फार सुंदर होती.

जयंतने पाटी दोन्ही हातांत घेतली. आधी पाटी वाचली, मग श्रीकांतांकडे पाहिलं, मग सुनीतीकडे. त्याच्या चेहऱ्यावरून सगळं एकेक करून जाताना तिला दिसलं: हा काय गोंधळ आहे, मग कुणाचा, मग का. शेवटच्या प्रश्नापाशी त्याची नजर तिच्यावरून उतरली. तिला वाटलं, आता हा बोलणार. मनातून तिला हेही वाटलं की बोलूनच टाकावं त्याने, सुटेन तरी.

"दोन शब्द, दोन शब्द!" लोक ओरडले.

जयंत माइकसमोर उभा राहिला. गळा साफ केला. "घर छोटं आहे," तो म्हणाला. "खूपच छोटं आहे. पण दार उघडलं की समुद्र दिसेल असं आम्ही बघणार आहोत. आणि सुनीतीला आवडेल असं... असं मला वाटलं होतं. थँक यू. तुम्ही सगळ्यांनी फार प्रेम दिलंत."

टाळ्या पडल्या. एकही शब्द खोटा नव्हता आणि तरी त्याने तिला सांभाळून घेतलं होतं. सुनीती शेजारी उभी राहून हसत होती. गालाचे स्नायू दुखेपर्यंत हसत होती. ही शरम आधीच्या शरमेसारखी नव्हती. लोक काय म्हणतील याची तिला आयुष्यभर ओळख होती. ते कानांत, गालांवर जाणवायचं. हे खाली कुठेतरी बरगड्यांमध्ये रुतलं.

घरी येताना जयंत गाडी चालवत होता. पाटी मागच्या सीटवर होती. विद्यापीठाच्या राउंडअबाउटला वळल्यावर त्याने विचारलं, "कधीपासून?"

"संक्रांतीपासून."

"म्हणजे मी तिकडे यार्डात शेल्फ बसवत होतो, तेव्हा तू इकडे बंगला बांधत होतीस."

"अहो, तोंडातून निघून गेलं. मग मागे घेता येईना."

"माझी नोकरी गेली होती, देवयानी दुसरीत असताना. आठवतं? तेव्हा तू सांगायचीस, मी कन्सल्टंट आहे." तो रस्त्याकडेच बघत होता. "लोक मला विचारायचे, सध्या कुठला प्रोजेक्ट? मी काहीतरी ठोकून द्यायचो. तुला कधी बोललो नाही. म्हटलं, बाईला बाहेर तोंड दाखवायचंय. पण तेव्हा ती माझी नोकरी होती, सुनीती. हे आपल्या दोघांचं होतं ना?"

सुनीतीने मागच्या सीटवरच्या पाटीकडे पाहिलं. घरासमोर गाडी थांबवून तो म्हणाला, "तुला यायचं नसेल तर आत्ता सांग. खरंच सांग."

"यायचंय मला."

"मग लाज कसली वाटते? गाडीची की माझी?"

"माझीच," ती म्हणाली, पण तोवर तो उतरून दार लावून गेला होता.

पुढचे दिवस वाईट गेले. जयंत रागावला असता, भांडला असता तर तिने सोसलं असतं. तो तसा भांडणारा माणूसच नव्हता. त्याने फक्त तिला विचारणं बंद केलं. पडदे कुठले, गॅसचा सिलिंडर कुठला, पहिला मुक्काम कुठे, सगळं तो एकटाच ठरवायचा आणि जेवताना मोजक्या शब्दांत सांगायचा. हॉलमधला काटा त्याने परत बाथरूममध्ये नेऊन ठेवला. शीळ थांबली.

सुनीतीने वॉटफर्डला फोन केला आणि देवयानीला सगळं सांगितलं. देवयानी नॉटिंगहॅमलाच जन्मलेली. तिचं मराठी प्रेमळ आणि वाकडंतिकडं.

"आई, बट व्हाय? तो कॅरॅव्हॅन इतका मस्त आहे. माझे ऑफिसमध्ये सगळे जेलस आहेत."

"तुझ्या ऑफिसचं वेगळं गं."

"वेगळा काय? तू बाबाला हर्ट केली. तू मंजिरीमावशीला पण खोटा सांगितली. आता तू जा आणि खरा सांग. दॅट्स इट."

लेकीच्या व्याकरणाला हसावं की रडावं, सुनीतीला कळेना. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाटी टॉवेलमध्ये गुंडाळून ती मंजिरीकडे गेली. चालतच गेली. वाटेत दोनदा परत फिरावंसं वाटलं.

मंजिरी ओट्याशी मेथी निवडत होती. सुनीतीने पाटी टेबलावर ठेवली आणि बसायच्या आधीच सांगून टाकलं. बंगला नाही. डॉर्सेट नाही. कॅरॅव्हॅन आहे, आम्ही तिच्यातच राहणार आहोत, कायमचे, आणि कुणी भाग पाडलं म्हणून नाही.

मंजिरी हातातली जुडी धरून तशीच उभी राहिली. "पण तू तर झाडसुद्धा सांगितलं होतंस," ती शेवटी म्हणाली. "नासपतीचं."

"हो."

"मी माझ्या बहिणीला सांगितलं गं. नणंदेला सांगितलं. मी बायकांकडून वर्गणी गोळा केली, त्या माणसाकडे तीनदा लेस्टरला गेले. अक्षर मनासारखं येईना म्हणून पहिली पाटी परत केली मी." तिचा आवाज चढत गेला. "देवयानीच्या वेळी तुझं बाळंतपण मी केलं. तुला अशी कशी भीती वाटली माझी?"

"वाटलं, तू हसशील."

मंजिरीने जुडी ओट्यावर सोडली. मग मेथीची पानं खुडू लागली, जरा जोरातच. "हसले असते," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? तुझ्या माघारी हसले असते. पण मग आले असते ना तुझी ती गाडी बघायला. तू मला तेवढंही करू दिलं नाहीस."

चहा विचारला गेला नाही. निघताना सुनीतीने पाटीकडे बोट दाखवलं. "ही..."

"घेऊन जा. तुमची नावं आहेत तिच्यावर, मी काय करू तिचं?"

पाटी पुढे वॉटफर्डला देवयानीच्या गॅरेजमध्ये गेली आणि बहुधा अजून तिथेच आहे.

त्याच संध्याकाळी सुनीतीने मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं. बरंच लिहून खोडलं आणि शेवटी चारच ओळी राहिल्या. बंगल्याचं मी खोटं सांगितलं होतं, जयंतला त्यातलं काही माहीत नव्हतं, आम्ही कॅरॅव्हॅनमध्ये राहायला जातोय, तुम्हा सगळ्यांची माफी मागते. खाली कॅरॅव्हॅनचा फोटो. पाठवलं आणि फोन पालथा घातला.

उत्तरं आली, पण सावकाश. कुणी अंगठा दाखवला. पुण्याहून नोकरीसाठी आलेल्या परीक्षितने 'ऑसम काका-काकू!' असं लिहिलं. एकीने विचारलं, 'सगळं ठीक आहे ना? काही अडचण असेल तर सांगा हं.' ते वाचून सुनीतीचे कान तापले, कारण त्या काळजीमागचं कुतूहल तिला लगेच ओळखता आलं. तिने स्वतः अशी काळजी अनेकांची केली होती. बहुतेकांनी काहीच लिहिलं नाही. मंजिरीने वाचल्याच्या खुणा दिसत होत्या, बाकी काही नाही.

जयंतनेही वाचलं असणार. रात्री जेवताना तो म्हणाला, "मला माहीत नव्हतं हे लिहायची गरज नव्हती."

"होती," सुनीती म्हणाली.

त्याने आमटी वाढून घेतली. तिच्या वाटीतही वाढली. तेवढंच झालं, पण कितीतरी दिवसांत त्याने न सांगता तिला काही वाढलं नव्हतं.

मे महिन्यात घराच्या किल्ल्या दिल्या. रिकाम्या खोल्यांतून सुनीती एकदाच फिरली. निरोप द्यायला शेजारचं कुत्रं तेवढं आलं होतं. मंडळातलं कुणी आलं नाही, आणि यावं अशी अपेक्षा धरायचा हक्क आपण गमावलाय असं तिला वाटलं. कॅरॅव्हॅन मागे जोडून ते लिंकनशायरच्या किनाऱ्याकडे निघाले. हाय रोडवर ट्रॅमच्या स्टॉपपाशी या वेळी ती ताठ बसली. ओळखीचं कुणीच नव्हतं. तिला स्वतःचंच जरा हसू आलं.

साइटवर पोचले तेव्हा चांगलं ऊन पडलं होतं आणि समोरच्या रांगेतले सगळे गोरे आजी-आजोबा फोल्डिंगच्या खुर्च्या टाकून बसले होते. कॅरॅव्हॅन रिव्हर्स घेणारा नवखा माणूस बघणं हा त्या लोकांचा दुपारचा करमणुकीचा कार्यक्रम असतो, हे वैशंपायनांना माहीत नव्हतं. गाडी डावीकडे वळवली की मागची खोली उजवीकडे जाते. जयंतने पहिल्यांदा घेतली ती कुंपणाला टेकता टेकता राहिली. दुसऱ्यांदा आडवी झाली आणि रस्ताच अडला. मागे एक मोठी व्हॅन येऊन थांबली. खुर्च्यांवरची मंडळी अगदी सभ्यपणे बघत होती.

सुनीतीला वाटलं, जमीन दुभंगावी. आतापर्यंत ती जणू आपला काही संबंधच नाही अशी बाजूला उभी होती. जयंतने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. कपाळावर घाम होता. त्याने तिच्याकडे पाहिलं, काही विचारणार होता, मग विचार बदलून पुन्हा आत गेला.

तिने पर्स गवतावर टाकली आणि ती कॅरॅव्हॅनच्या मागे, त्याच्या आरशात दिसेल अशी जाऊन उभी राहिली. "अहो, उजवीकडे कापा!" ती ओरडली. मंडळाच्या हॉलमध्येसुद्धा ती कधी इतक्या मोठ्याने बोलली नव्हती. "उजवीकडे! अहो, तुमच्या उजवीकडे! आता सरळ. सरळ या. थांबा! जरा पुढे घ्या, पुन्हा या."

"किती जागा आहे?" आतून आवाज आला.

"पुष्कळ आहे. या तुम्ही, मी आहे इथे."

अखेर एकदाची कॅरॅव्हॅन जागेवर बसली, थोडी तिरपीच. खुर्च्यांमधून चार-दोन टाळ्या वाजल्या. त्यांत चेष्टा होती की कौतुक, कोण जाणे, बहुधा दोन्ही. हॅट घातलेल्या एका बाईंनी हात हलवून विचारलं, किती दिवसांची सुट्टी आहे तुमची?

जयंत तेव्हा चाकापाशी गुडघे टेकून बसला होता. त्याचा हात थांबल्याचं सुनीतीला दिसलं.

"सुट्टी नाही," ती इंग्रजीत म्हणाली. कान पुन्हा तापले, अगदी तस्सेच. "आम्ही यातच राहतो. हेच घर आमचं."

"लव्हली," बाई म्हणाल्या आणि आपल्या शब्दकोड्याकडे वळल्या.

जयंतने वर पाहिलं नाही. नुसता हात मागे केला. "ती लेव्हल दे गं. निळ्या पिशवीत आहे."

तिने गाडी सपाट बसली का ते दाखवणारी ती पट्टी काढून दारापाशी आतल्या जमिनीवर ठेवली आणि ओणवी होऊन बघू लागली. तो जॅकचा दांडा फिरवायला लागला.

"बुडबुडा कुठे आलाय?" त्याने विचारलं.

"अजून डावीकडेच आहे," ती म्हणाली. "फिरवा, मी सांगते."